ड्रेनेज, पंपिंग स्टेशन, एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्र): कामावर जीव कसा सांभाळायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी एका महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात वीसेक वर्षं काढली, आता नव्या पोरांना आणि ठेकेदारांच्या माणसांना सेफ्टीचं ट्रेनिंग देतो. बिगारी, मुकादम, जेई (कनिष्ठ अभियंता), पंप ऑपरेटर, त्यांच्या घरची माणसं, सोसायटीचे सेक्रेटरी असे सगळे व्हॉट्सॲपवर विचारत असतात आणि बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. घाईत असाल तर निदान प्रश्न ७ वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

१. मॅनहोलमध्ये माणूस उतरवायला परवानगी आहे की नाही, एकदाचं स्पष्ट सांगा.

नाही. २०१३ चा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ७ प्रमाणे सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला कुणालाही लावता येत नाही, थेट पण नाही आणि ठेकेदारामार्फत पण नाही. पहिल्यांदा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत जातं, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

आता लोक म्हणतात की साधनं दिली की झालं ना. तसं पण नाही. नियमांप्रमाणे साधनं घालूनसुद्धा ठराविक कामांसाठीच उतरता येतं. तुटून आत पडलेलं झाकण काढायचंय आणि मशीन पोचत नाही, ३०० मिलिमीटरपेक्षा मोठी नवी लाइन जुन्या लाइनला जोडायचीय, सक्शन वेलच्या (पंप मैलापाणी उपसतो त्या विहिरीच्या) तळाचा सबमर्सिबल पंप काढायचाय, मॅनहोल नव्याने बांधायचंय किंवा लाइन दुरुस्त करायचीय. याशिवाय अगदीच इलाज नसेल तर महापालिकेच्या प्रमुखाने, म्हणजे आयुक्तांनी, लेखी कारण नोंदवून परवानगी द्यायची. "चोकअप आहे, नगरसेवकांचा फोन आलाय" हे त्यात कुठंच बसत नाही. २९ जानेवारी २०२५ ला तर सुप्रीम कोर्टाने मुंबईसकट सहा महानगरांमध्ये हाताने गटारसफाई बंद करायचा आदेश दिला.

२. गॅस गॅस म्हणतात तो नेमका कुठला? वास आला की कळतंच ना?

मुख्य मारेकरी हायड्रोजन सल्फाईड. हवा न लागता साचलेल्या गाळात जिवाणू हा तयार करतात, हवेपेक्षा जड असतो म्हणून खाली बसून राहतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, आणि इथंच फसगत होते, कारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की नाकाची वास घ्यायची ताकदच बधिर होते. म्हणजे वास कमी झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि खरं तर गॅस वाढलेला असतो. ५०० च्या वर काही मिनिटांत शुद्ध जाते आणि ७००-१००० ला एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायला पण वेळ मिळत नाही.

दुसरा मिथेन, त्याला वास नाही, हवेपेक्षा हलका, हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने पेट घेतो. तिसरी गोष्ट गॅस नाहीच, ऑक्सिजन कमी असणं. बाहेर हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की उतरायचं नाही. ऑक्सिजन कमी झाल्याचा वासही नसतो आणि घुसमटही होत नाही, पाय आपोआप लटपटतात इतकंच. त्यामुळे नाकावर भरवसा ठेवायचाच नाही.

३. झाकण रात्रभर उघडं ठेवलं, सकाळी झुरळं फिरताना दिसली, काडी टाकली तर विझली नाही. मग गॅस नाहीये ना?

ही पद्धत मी पण नोकरीच्या सुरुवातीला जुन्या लोकांकडून शिकलो, आणि त्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण ती सोडून द्या. काडीने हायड्रोजन सल्फाईड कळत नाही आणि मिथेन असेल तर काडीनेच भडका होईल. झुरळं वरच्या भिंतीला असतात, माणूस जातो तळाला. पूर्वी ओला लेड ॲसिटेटचा कागद दोरीला बांधून सोडायचे, तो काळा पडला की गॅस आहे, ते निदान काहीतरी होतं, पण किती आहे ते त्यातून कळायचं नाही.

झाकण उघडं ठेवण्याबद्दल एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो. सकाळी सातची वेळ, तीन झाकणं आदल्या संध्याकाळपासून उघडी, भोवती बॅरिकेड. मुकादमाने डिटेक्टर (गॅस मोजायचं यंत्र) दोरीला बांधून खाली सोडला, दोरीला दर हातभर अंतरावर गाठ मारलेली होती म्हणजे किती खोल गेला ते कळावं. दोन गाठी, तीन गाठी, पाण्याला टेकेपर्यंत गेला, आकडा शून्य. सगळे म्हणाले झालं, उतरू. मुकादम म्हणाला थांबा, आणि लांब बांबू घेऊन त्याने तळाचा गाळ नुसता ढवळला. काही सेकंदांत डिटेक्टर किंचाळायला लागला, आकडा शंभराच्या वर. सोड्याची बाटली बघा, झाकण उघडून शांत ठेवली तर गप्प असते, हलवली की फसफसते, गाळाचं अगदी तसंच आहे. माणूस आत उतरून पहिलं काम काय करतो, गाळात पाय टाकतो. म्हणून झाकण उघडं ठेवणं गरजेचं आहे पण पुरेसं नाही, ढवळून परत मोजायचं, आणि ब्लोअर, म्हणजे आत ताजी हवा ढकलणारा पंखा, लावायचा (प्रश्न ६).

४. डिटेक्टर आहे आमच्याकडे पण वापरायचा कसा ते कुणी सांगितलं नाही. किती आकडा आला की थांबायचं?

चार गॅसचा डिटेक्टर असेल तर त्यावर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाईड आणि कार्बन मोनॉक्साईड असे चार आकडे दिसतात. चालू मोकळ्या हवेत करायचा, गाडीच्या सायलेन्सरजवळ नाही. मग वर, मध्ये, तळाला अशा तीन पातळ्यांवर मोजायचं आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थांबायचं, नळीने हवा ओढणारा डिटेक्टर असेल तर जास्त थांबायचं कारण नळीतून हवा वर यायला वेळ लागतो. आकडे वाचताना पहिला ऑक्सिजनचा वाचा, कारण ऑक्सिजन फार कमी असेल तर ज्वलनशील वायूचा सेन्सर नीट आकडा देतच नाही.

थांबायचे आकडे वहीत लिहून ठेवा: ऑक्सिजन १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर, ज्वलनशील वायू पेटायच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर, हायड्रोजन सल्फाईड १० पीपीएम, कार्बन मोनॉक्साईड ३५ पीपीएम. अलार्म साधारण याच आकड्यांना लावतात. अलार्म "त्रास देतो" म्हणून आवाज बंद केलेले डिटेक्टर मी बघितलेत, कृपा करून असं करू नका.

आणि सेन्सर म्हातारे होतात. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन आणि कामाआधी टेस्ट गॅसने बंप टेस्ट (सेन्सर गॅस ओळखतो का ते बघणं) झालीच पाहिजे, नाहीतर शून्य दाखवणारा डिटेक्टर म्हणजे मेलेला डिटेक्टर असू शकतो. स्टोअरमध्ये कपाटात कुलपात ठेवलेला डिटेक्टर कुणाच्याच कामाचा नाही, तो गाडीत पाहिजे, चार्ज केलेला.

५. ओला रुमाल, एन-९५ किंवा केमिकलचा डबा असलेला मास्क लावला तर चालेल का?

रुमाल आणि एन-९५ धुळीसाठी, गॅस त्यातून सरळ आत जातो. डब्याचा मास्क ठराविक गॅस ठराविक वेळ अडवतो पण ऑक्सिजन तयार करत नाही, त्यामुळे मॅनहोलमध्ये तो पण नाही. आत जायचं तर स्वतःची हवा सोबत पाहिजे, म्हणजे पाठीवर सिलिंडरचा बीए सेट किंवा वरून नळीने स्वच्छ हवा देणारा एअरलाइन मास्क. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, कडेने गॅस शिरतो. हे सांगितलं की लोकांना राग येतो पण खरं आहे.

६. लेखी परवानगी आहे, उतरावंच लागणार आहे. वर काय काय पाहिजे?

कमीत कमी तीन माणसं आणि त्यातला एक सुपरवायझर, हे नियमातच आहे. वरची माणसं जागा सोडून चहाला जाणार नाहीत. आदली आणि पुढची अशी दोन्ही बाजूंची झाकणं उघडी, वरच्या बाजूचा पंप बंद करायला सांगितलेला आणि तो कुणी चालू करणार नाही याची खात्री (कुलपाचं प्रश्न ११ मध्ये). ब्लोअरचा पाइप तळाजवळ सोडायचा, आणि ब्लोअर किंवा जनरेटर पेट्रोल-डिझेलचा असेल तर तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला लांब ठेवायचा, नाहीतर त्याचाच धूर तुम्ही आत सोडताय. काही जण ऑक्सिजनचा सिलिंडर आणून आत सोडतात, ते अजिबात नको, ऑक्सिजन वाढला की साध्या ठिणगीने कपडे पेटतात.

तिवई आणि विंच (दोरी गुंडाळून माणूस वर ओढायचं चाक) मॅनहोलवर उभी करूनच माणूस उतरवायचा. पूर्ण अंगाचा हार्नेस, दोरी पाठीवरच्या कडीला. नुसता कमरेचा पट्टा लावला तर बेशुद्ध माणूस मधोमध दुमडतो आणि दोन फुटांच्या तोंडातून बाहेर येत नाही, अडकतो. पाठीच्या कडीने ओढला की सरळ उभा येतो. दोरी आत जाऊन काम संपेपर्यंत सोडायची नाही, "काम करताना अडकते" म्हणून सोडली की तिवईचा उपयोग शून्य. बोलणं चालू ठेवायचं, उत्तर आलं नाही की विचार न करता विंच फिरवायची. डिटेक्टर आतल्या माणसाच्या छातीवर, चालू.

उजेडात काम करा. पाऊस पडत असेल किंवा वरच्या भागात पडत असेल तर उतरायचंच नाही, लाइन बघता बघता भरते.

७. आतला माणूस कोसळला. वरच्याने काय करायचं?

आत उडी मारायची नाही. हे वाक्य परत वाचा, कारण आपल्याकडच्या गटारातल्या मृत्यूंच्या बातम्या नीट वाचल्या तर दिसतं की एक गेला, त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. दुसरा आणि तिसरा माणूस गटार साफ करायला नाही, आपला माणूस वाचवायला गेलेला असतो, आणि त्याच हवेत तो पण त्याच सेकंदांत पडतो.

करायचं ते असं. दोरी लावलेली असेल तर विंचने वर ओढा. नसेल तर १०१ ला अग्निशमन दल आणि १०८ ला रुग्णवाहिका, फोनवर स्पष्ट सांगा "मॅनहोलमध्ये गॅस, माणूस बेशुद्ध, बीए सेट घेऊन या", म्हणजे ते तयारीने येतील. तोवर ब्लोअर चालू ठेवा, पाइप तळाशी, आजूबाजूची झाकणं उघडा. विडी-काडी, मोबाईलचा टॉर्च धरून वाकणं बंद. गर्दीला लांब ठेवा. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत आडवा करा, श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, तोंडाने श्वास देऊ नका कारण त्याच्या छातीतला गॅस तुमच्या तोंडात येऊ शकतो. शुद्धीवर येऊन "बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात पाणी नंतर काही तासांनी भरू शकतं.

मी एकदा एका माणसाच्या कमरेला मागून मिठी मारून त्याला जमिनीवर पाडून धरून ठेवलंय. आत त्याचा भाचा होता, ठेकेदाराने दोरीशिवाय उतरवलेला, आणि हा मला हातांनी मारत होता, शिव्या देत होता, सोड म्हणत होता. अग्निशमनवाले यायला किती वेळ लागला ते घड्याळात मी बघितलं नाही. भाचा वाचला नाही. मामा आज आहे, त्याच्या बहिणीचं घर तोच बघतो. म्हणून टीममध्ये आधीच ठरवून ठेवा की कोण फोन करणार, कोण विंचवर, आणि कोण बाकीच्यांना धरणार. हे तिसरं काम पण काम आहे.

८. मशीन आली आता, मग धोका संपला ना?

मोठा धोका गेला, नवे आले. जेटिंगच्या (प्रेशरच्या पाण्याने लाइन साफ करायच्या मशीनच्या) नोझलमधून पाणी शंभर-दीडशे बारच्या वर प्रेशरने येतं, हाताला लागलं तर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस फाटून घाण पाणी शिरलेलं असतं. असं झालं तर "थोडंसं लागलंय" म्हणून हळद लावून घरी जाऊ नका, हे ऑपरेशनचं प्रकरण आहे, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रेशरच्या पाण्याची जखम आहे असं सांगा. नोझल लाइनमध्ये पूर्ण आत गेल्याशिवाय प्रेशर चढवायचं नाही, पाइपवर खूण करून ठेवा म्हणजे परत ओढताना तोंडाशी आल्याचं कळेल. पाइप रीलवर गुंडाळताना हातमोजा अडकतो, रील चालू असताना हात लावू नका. कानाला प्लग लावा, डोळ्याला गॉगल. जेटिंगमुळे गाळ ढवळला जातो म्हणजे गॅसही सुटतो, तेव्हा मॅनहोलच्या तोंडावर वाकून बघत बसायचं नाही.

९. झाकण उचलताना कंबर गेली, बोट चेंगरलं. याला काही उपाय आहे का?

ड्रेनेजमध्ये रोजची दुखापत हीच, आणि हिची बातमी होत नाही. हेवी ड्युटी झाकण शंभर किलोच्या घरात जातं. दोघांनी, लांब दांड्याच्या हुकांनी, आधी पहारेने कडेची माती मोकळी करून, आणि उचलायचं नाही तर सरकवायचं. बोटं झाकण आणि फ्रेमच्या मध्ये कधीच घालायची नाहीत, बसवताना पण शेवटचं हुकानेच. लिफ्टर किंवा लोहचुंबकाचं उचलणं मिळतं, जेईकडे लेखी मागा. बूट गमबूट नको नुसते, लोखंडी टोपीचे पाहिजेत.

१०. भर रस्त्यात काम असतं, गाड्या अंगावर येतात. आणि पावसात झाकण उघडलं तर?

आपली गाडी येणाऱ्या ट्रॅफिकच्या बाजूला उभी करा, म्हणजे धडक बसलीच तर गाडीला बसेल. कोन गाडीच्या बराच आधीपासून तिरके लावत या. जॅकेट धुऊन धुऊन त्याच्या चमकणाऱ्या पट्ट्या गेल्या की ते साधं जॅकेट झालं, बदलून मागा.

पावसात पाणी तुंबलं म्हणून लोक स्वतः झाकण उघडतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात मुंबईत एक नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीला मिळाला. खात्याच्या माणसाने उघडलं तर तिथं माणूस उभा राहिलाच पाहिजे, बांबूला लाल कापड बांधून निघून जाणं म्हणजे काम झालं असं नाही. झाकणाखाली जाळी बसवलेली असेल तर ती काढून परत न लावता जाऊ नका.

११. मी पंप ऑपरेटर आहे, खाली मॅनहोलमध्ये जातच नाही. मला काय धोका?

वेट वेल (मैलापाणी जमा होतं ती विहीर) आणि स्क्रीन चेंबर (कचरा अडवणारी जाळी असते तो) हे पण मॅनहोलच समजा, नुसतं मोठं. प्रश्न २ ते ७ तुम्हाला जसेच्या तसे लागू.

तुमचा वेगळा धोका म्हणजे आपोआप सुरू होणारी मशीन. स्क्रीनमध्ये चिंधी अडकली म्हणून हात घातला आणि लेव्हल वाढल्यावर फ्लोट स्विचने रेक (जाळीवरचा कचरा ओढणारा मशीनचा दाता) सुरू झाला, की बोटं जातात. बटण बंद करणं पुरेसं नाही. पॅनेलचा मेन आयसोलेटर पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात, आणि "काम चालू आहे" अशी नावाची पाटी. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं, आपापली. मग बटण दाबून बघायचं की खरंच सुरू होत नाही ना. शिफ्ट बदलताना तोंडी सांगून जाऊ नका, लॉगबुकात लिहा. सबमर्सिबल पंप केबलला धरून ओढायचा नाही, साखळीनेच.

१२. मला चांगलं पोहता येतं, एरेशन टँकमध्ये पडलो तर निघेन ना?

निघणं अवघड आहे. त्या टँकमध्ये खालून सतत हवा सोडलेली असते, पाण्यात इतके बुडबुडे असतात की पाणी हलकं होतं आणि शरीराला उचलून धरत नाही, शिवाय आतले प्रवाह खाली ओढतात आणि भिंत गुळगुळीत. विहिरीत पोहणारा तिथं दमतो. म्हणून कठडा तुटला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त, कठड्याबाहेर एकट्याने जायचं नाही, सॅम्पल लांब दांड्याने घ्यायचं, लाइफबॉय (पडलेल्याकडे फेकायची तरंगती रिंग) दोरीसकट टँकच्या कडेला टांगलेली, कपाटात नाही. कुणी पडलं तर एकाने लाइफबॉय टाकायची आणि दुसऱ्याने लगेच ब्लोअर बंद करायचा, त्याचं इमर्जन्सी बटण कुठं आहे ते प्रत्येकाला अंधारात सुद्धा सापडलं पाहिजे.

१३. क्लोरीनचा टोनर (मोठा सिलिंडर) लीक झाला तर पाणी मारायचं का?

नाही, लीकच्या जागी पाणी मारलं की ॲसिड तयार होऊन भोक मोठं होतं. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, खाली पसरतो, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि उंचावर पळा. वारा कुठला ते कळायला छतावर वाऱ्याची पिशवी असावी. लीक शोधायला अमोनियाच्या पाण्याचा बोळा लांब काठीला, लीक असेल तिथं पांढरा धूर दिसतो. हे काम बीए सेट घातलेल्या शिकलेल्या माणसाचंच. टोनर आडवा ठेवलेला असतो, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एका उभ्या रेषेत पाहिजेत, म्हणजे वरच्यातून गॅस येतो. द्रव लीक होत असेल तर टोनर फिरवून लीक वर आणतात, कारण द्रवापेक्षा गॅस खूप कमी बाहेर जातो.

१४. कुठली इंजेक्शनं घ्यावी लागतात? लेप्टोची गोळी घ्यायची का?

धनुर्वात, हिपॅटायटीस ए आणि बी, टायफॉईड. तारखा कार्डावर लिहून कार्ड स्वतःजवळ ठेवा, ठेकेदार बदलला की त्याच्याकडची फाइल जाते.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शिरतो. पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिन प्रतिबंधक म्हणून देतात, पण ती डॉक्टरने सांगितल्यावर, मित्राच्या सांगण्यावरून नाही. ताप, डोकं, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं की पहिल्या दिवशी जा आणि डॉक्टरला आपणहून सांगा "मी ड्रेनेजला काम करतो". हे न सांगितल्यामुळे साधा व्हायरल समजून चार दिवस वाया जातात आणि तेवढ्यात मूत्रपिंडावर जातं.

१५. माझे मिस्टर ड्रेनेजला आहेत, त्यांचे कामाचे कपडे घरच्या कपड्यांसोबत धुतले तर चालतं का? घरात लहान बाळ आहे.

नाही ताई, वेगळे धुवा, आणि खरं तर ते घरी यायलाच नको. चौकीवर आंघोळीची सोय आणि कपडे धुवायची सोय हा त्यांचा हक्क आहे, उपकार नाही. जोवर ती होत नाही तोवर कपडे बंद पिशवीत आणायला सांगा, वेगळ्या बादलीत गरम पाणी आणि साबण, धुताना हातमोजे, आणि उन्हात वाळवा. बूट दाराबाहेर. बाळाला उचलायच्या आधी आंघोळ, नुसते हात धुणं नाही. डबा आणि तंबाखूची पुडी कामाच्या पँटच्या खिशात नको हे पण सांगा, पोटाचे आजार बरेचदा तिथूनच येतात.

१६. गाळ काढताना सुई टोचली. काय करू?

पिळायचं नाही, चोखायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीसाठीच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटीस बी चे डोस पूर्ण झालेत का ते तिथं सांगा (प्रश्न १४). मुकादमाला सांगून अपघात वहीत नोंद करा, लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

१७. आमच्या सोसायटीची सेप्टिक टँक खाजगी आहे, ओळखीचा माणूस हजार रुपयांत उतरतो. कायदा आम्हाला लागू होतो का?

होतो. कायदा "कुणीही" म्हणतो, त्यात सेक्रेटरी आणि चेअरमन पण आले, आणि गुन्हा दाखल होतो तो त्यांच्यावर. सेप्टिक टँक बंद असते म्हणून गॅस लाइनपेक्षा जास्तच असू शकतो. महापालिकेची किंवा परवानाधारक सक्शन गाडी बोलवा, १४४२० हा त्यासाठीचाच हेल्पलाइन नंबर आहे. चोकअप काढायला ॲसिड ओतू नका, सल्फाईड असलेल्या गाळात ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाईड भसकन बाहेर येतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली तर क्लोरीन.

१८. ठेकेदाराने "स्वखुशीने उतरतो" असं लिहून सही घेतली. आता माझा हक्क गेला का?

नाही गेला. बंदी उतरवणाऱ्यावर आहे, तुमच्या खुशीचा त्यात संबंधच नाही, त्या कागदाने त्याचा गुन्हा पुसला जात नाही. उलट तो कागद म्हणजे त्याला धोका माहीत होता याचा पुरावा. जमलं तर फोटो काढून ठेवा. नकार द्यायचा असेल तर एकट्याने देऊ नका, सगळ्यांनी मिळून द्या, आणि जेईला मेसेजवर लिहून कळवा, तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

१९. अपघात झालाच तर पैसे किती आणि कोण देणार? मी तर कंत्राटी आहे.

२० ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे गटारात मृत्यू झाला तर ३० लाख, कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख, इतर अपंगत्वाला किमान १० लाख. त्याआधी २०१४ च्या निकालात मृत्यूला १० लाख होते, अजूनही कुणी तोच आकडा सांगत असेल तर ऐकू नका. कंत्राटी असल्याने फरक पडत नाही. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू असेल तर कामावरच्या दुखापतीत घरी बसावं लागतं तेवढे दिवस साधारण ९० टक्के वेतन मिळतं, त्यासाठी आधी किती हप्ते भरलेत ते बघत नाहीत. पण सगळं नोंदीवर अवलंबून आहे: त्या दिवशीची हजेरी, अपघात वही, पोलीस पंचनामा, दवाखान्याच्या केसपेपरवर "कामावर असताना" हे शब्द. हजेरीत नाव नसेल तर आधी आजच ते घालून घ्या.

२०. पावसाळी लाइन साफ करायचीय, ती ड्रेनेज नाही, मग उतरलं तर चालतं ना?

कागदावर ती पावसाची, प्रत्यक्षात तिच्यात किती सोसायट्यांची ड्रेनेज जोडलेली असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बंद नाला, बॉक्स ड्रेन, कल्व्हर्ट, सगळीकडे गाळ तोच आणि गॅस तोच. वरच्या भागात पाऊस झाला तर लोंढा येतो तो वेगळाच. प्रश्न ३ ते ७ जसेच्या तसे पाळा आणि नाव काय आहे ते विसरा.

२१. लाइन नवी कोरी, अजून पाणी पण सोडलं नाही. त्यात डिटेक्टर कशाला? आणि एकदा डिटेक्टर ओके असताना पण पोराला चक्कर आली, ते कसं?

नवी लाइन जुन्या लाइनला प्लग लावून जोडलेली असते, प्लगच्या कडेने गॅस गळतो, आणि प्लग सुटला तर मैलापाणी एकदम येतं, त्या वेळी आत कुणी असेल तर शिडीपर्यंत पोचत नाही. आत रंग, सोल्व्हेंट किंवा वॉटरप्रूफिंगचं काम चालू असेल तर त्याची वाफ. डिवॉटरिंगचा डिझेल पंप तोंडाशी लावला असेल तर कार्बन मोनॉक्साईड आत उतरतो. म्हणजे मैला नसला तरी बंद जागा ती बंद जागाच, आणि डिटेक्टर पाहिजेच.

चक्कर येण्याची दोन कारणं मी जास्त बघितलीत. एक म्हणजे सकाळी एकदा मोजलं आणि दुपारपर्यंत तोच आकडा धरून चालले, डिटेक्टर गाडीत परत गेला होता. दुसरं म्हणजे ऊन, रबरी सूट, पाणी न पिणं. मे महिन्यात सूटच्या आत अंग भाजतं, माणूस गॅसने नाही तर उष्णतेने पडतो, पण आत पडला तर पडणं सारखंच. म्हणून थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढा, सावलीत बसवा, मिठाचं पाणी किंवा ताक द्या, आणि सकाळी उपाशी आलेल्याला किंवा आदल्या रात्री प्यालेल्याला त्या दिवशी वरचं काम द्या. पोराला चक्कर आलेली असेल तर कारण कुठलं ते जागेवर ठरवत बसू नका, गॅस समजूनच दवाखान्यात न्या (प्रश्न ७).